इन्स्टॉलेशन मध्येच थांबवायचं असेल तर

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरचे जुने लॅपटॉप एकदम अडगळीत जायची वेळ आली. विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही आणि नवा घ्यायचा तर खिशाला चाट. म्हणून बऱ्याच घरांनी त्याच मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घेतलं. हे काम अर्थातच घरातल्या कॉलेजात जाणाऱ्याच्या गळ्यात पडतं. त्याने एकदा ते केलं की 'प्रिंटर का चालत नाही' पासून 'माझे फोटो कुठे गेले' पर्यंत सगळ्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. या महिन्याचा लेख अशा घरगुती सिस्टम ॲडमिनसाठी आहे.

लिनक्सवर सॉफ्टवेअर घ्यायला माउसने चालणारं दुकान असतंच, पण आठवड्याभरात कोणीतरी टर्मिनल उघडायला सांगतं. तिथे एक ओळ लिहिली की पॅकेज मॅनेजर कामाला लागतो. डेबियन, उबुंटू, मिंट या एकाच घराण्यात हा मॅनेजर म्हणजे ॲप्ट. सुरू करणं सोपं आहे. नको ते सुरू झालं, चुकीचं नाव लिहिलं गेलं, डाउनलोडचा आकडा बघून पोटात गोळा आला, तर थांबवायचं कसं, हे मात्र सुरू करायला शिकवणारा सहसा सांगत नाही. तो फार तर 'कंट्रोल सी दाब' म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. रेल्वेचं तिकीट चार्ट लागण्याआधी रद्द करणं वेगळं आणि गाडी सुटल्यावर साखळी ओढणं वेगळं. ॲप्टमध्ये दोन्हीला बटण एकच आहे, म्हणून गाडी कुठे आहे ते आपल्याला ओळखता यायला हवं.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत लिहायच्या.)

'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे पॅकेजचं नाव लिहून एंटर दाबलं की ॲप्ट आधी आपल्या याद्या वाचतो आणि हिशोब करतो. या सॉफ्टवेअरला आणखी काय काय लागतं, त्यातलं मशीनवर काय आहे, कशाचं कशाशी पटत नाही, वगैरे. तोवर डिस्कवर काहीही बदललेलं नसतं. मग तो यादी दाखवतो: काय नवीन येणार, काय अपग्रेड होणार, काय काढलं जाणार, किती डाउनलोड होणार, डिस्कवर किती जागा जाणार. शेवटी विचारतो, पुढे जाऊ का? कंसात मोठं 'वाय' आणि लहान 'एन' असतं. मोठ्या अक्षराचा अर्थ असा की नुसतं एंटर दाबलं तरी ते 'हो' धरलं जातं. बरेच जण 'काय म्हणतोय कोण जाणे' म्हणत एंटर दाबतात आणि तिथेच होकार देऊन बसतात. नको असेल तर 'एन' लिहून एंटर. तो रद्द केल्याचं सांगून निमूट बाहेर पडतो, मागे काही ठेवत नाही.

माझ्या मते रद्द करण्याची खरी जागा हीच. पण ती दर वेळी मिळेलच असं नाही. मागितलेल्या पॅकेजव्यतिरिक्त आणखी काही आणायचं किंवा काढायचं नसेल तर ॲप्ट प्रश्न विचारत नाही, थेट कामाला लागतो. आणि इंटरनेटवरून उचललेल्या कमांडमध्ये पुष्कळदा '-वाय' जोडलेलं असतं. त्याचा अर्थ 'सगळ्याला हो समज'. आपल्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी होकार देऊन ठेवलेला असतो. दुसऱ्याची कमांड चिकटवताना हे '-वाय' खोडून टाका. एक प्रश्न जास्त विचारला जाईल, एवढंच.

प्रश्नाला हो म्हटलं की डाउनलोड सुरू होतं. स्क्रीनवर टक्के, वेग आणि उरलेला वेळ दिसतो. इथेही कंट्रोल सी बिनधास्त दाबा. ॲप्ट आधी सगळी पॅकेजं उतरवून घेतो आणि मगच उघडतो, त्यामुळे अर्धवट डाउनलोडने सिस्टमला काही होत नाही. उतरलेल्या फाइली त्याच्या गोदामात पडून राहतात. पुन्हा तीच कमांड दिली तर तो तिथूनच पुढे सुरू करतो, म्हणजे दिवसाचा डेटा संपला तर उरलेलं उद्या उतरवता येतं. ते सॉफ्टवेअर मुळी नकोच असेल तर 'सुडो ॲप्ट क्लीन' ने गोदाम रिकामं होतं.

इथे इंदूरच्या मामेभावाची गोष्ट सांगतो. कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट लाटेकमध्ये हवा म्हणून त्याने 'टेक्सलाइव्ह-फुल' मागवलं. हे पॅकेज म्हणजे टेकच्या जगातलं झाडून सगळं सामान, कित्येक जीबी. आणि इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. आकडा लक्षात आल्यावर त्याने थांबवलं, मग दुसरं लहान पॅकेज टाकायला गेला तर ॲप्ट म्हणाला, कुलूप लागलंय, आधीच कोणीतरी काम करतंय. रात्री दहाला फोन आला.

"दादा, मी तर बंद केलं होतं. मग कोण काम करतंय?"

"बंद कसं केलंस?"

"कंट्रोल झेड."

वर्डमध्ये कंट्रोल झेड म्हणजे केलेलं मागे घेणं, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे. चालू काम जिथे आहे तिथे गोठतं. संपत नाही, रद्द होत नाही, आणि हातातलं कुलूपही सोडत नाही. स्क्रीनवर 'स्टॉप्ड' असा शब्द येतो, त्याने गैरसमज आणखी पक्का होतो. उपाय दोन अक्षरांचा आहे. त्याच खिडकीत 'एफजी' लिहून एंटर दाबायचं. गोठलेलं काम पुन्हा समोर येतं, आणि ते डाउनलोडच्या टप्प्यावर असेल तर मग कंट्रोल सी. त्याचं पाच सेकंदांत झालं.

त्याआधी त्याने इंटरनेटवर उत्तर शोधलं होतं, आणि तिथे कुलपाची फाइल 'आरएम' ने उडवायला सांगणारे पुष्कळ जण भेटले होते. नशीब, हिंमत झाली नाही. पॅकेजांची नोंदवही एकाच वेळी दोघांनी लिहायला घेऊ नये म्हणून ते कुलूप असतं. ते उडवलं आणि मागे खरंच दुसरं काम चालू असलं, तर दोघंही एकाच वहीत खरडतात. लॅपटॉप सुरू केल्याकेल्या कुलूप दिसलं तर बहुधा सुरक्षेचे अपडेट आपोआप चालू असतात. चहा करून या, तोवर होतं. (मामेभावाला शेवटी 'टेक्सलाइव्ह-झेटेक' आणि त्याच्यासोबत येणारी पॅकेजं पुरली. देवनागरीही त्यात चालतं.)

डाउनलोड संपलं की ॲप्ट सूत्रं डीपीकेजीकडे देतो. डीपीकेजी त्याच्याहून जुना. डेबियन १९९३ मध्ये सुरू झालं, डीपीकेजी त्याच्या सुरुवातीच्या दिवसांतला. ॲप्ट काही वर्षांनी त्याच्या डोक्यावर बसवला गेला. परस्परावलंबनाचा हिशोब ॲप्टने करायचा आणि प्रत्यक्ष फाइली मांडायचं काम डीपीकेजीने, अशी वाटणी आहे. या टप्प्यात 'अनपॅकिंग' आणि मग 'सेटिंग अप' अशा ओळी सरकू लागतात आणि बहुतेक ठिकाणी स्क्रीनच्या तळाशी प्रगतीची पट्टी येते. ती पट्टी दिसली की कंट्रोल सीवरून हात काढा. चार्ट लागला, गाडी सुटली.

कारण असं. अनपॅकिंगमध्ये फाइली आपापल्या जागी जातात. इथे डीपीकेजी बराच सावध असतो. नवी फाइल आधी वेगळ्या नावाने ठेवतो, मग नाव बदलून जुनीच्या जागी बसवतो. मध्ये अडलं तर मागे यायचा प्रयत्नही करतो. 'सेटिंग अप' मध्ये मात्र प्रत्येक पॅकेजची स्वतःची छोटी स्क्रिप्ट चालते आणि तिला प्रशासकाचे सगळे अधिकार असतात. ती नवा युजर तयार करते, एखादी सेवा सुरू करते, फॉन्टची यादी बांधते. पॅकेज लिनक्सच्या कर्नेलचं असेल तर बूट होताना लागणारी फाइल घडवते आणि सुरुवातीचा मेनू बदलते. हे अर्ध्यावर तुटलं तर नवीन कर्नेल पुढच्या वेळी उठेलच याची खात्री नाही. (तसं झालंच तर बूटच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' खाली जुना कर्नेल सहसा शिल्लक असतो. त्यावरून आत शिरता येतं.) म्हणून या टप्प्यावर पॅकेज नकोसं झालं तरी पूर्ण होऊ द्या आणि मग काढा. दोन मिनिटं जास्त जातात, पण तोच जवळचा रस्ता आहे.

'अडकलंय, म्हणून खिडकी बंद केली' हेही पुष्कळ ऐकू येतं. एरियल आणि टाइम्स न्यू रोमन हवे म्हणून जे मायक्रोसॉफ्ट फॉन्टचं पॅकेज टाकतात ते तर हमखास इथे सापडतात. मध्येच पूर्ण स्क्रीनभर परवान्याचा मजकूर येतो, खाली 'ओके' दिसतं, माउस चालत नाही, एंटर दाबून काही होत नाही. अडकलेलं काही नसतं. टॅब दाबून 'ओके' वर जायचं, मग एंटर. पुढच्या प्रश्नाला बाणाच्या कळीने 'येस' निवडायचं. खुद्द त्या पॅकेजमध्ये फॉन्ट नसतातच. ते नंतर इंटरनेटवरून आणले जातात, त्यामुळे तिथेही थोडा वेळ शांतता असते. परवाना मान्य नसेल तर 'नो' म्हणायची सोय तिथेच आहे. खिडकीच्या फुलीपेक्षा ती केव्हाही बरी.

आता समजा, व्हायचं ते होऊन गेलं. कोणी फुली दाबली, किंवा बॅटरी मेलेल्या जुन्या लॅपटॉपची वीजच गेली. पुढच्या वेळी ॲप्ट स्वतःच सांगतो की डीपीकेजीचं काम मध्येच तुटलं आहे, आणि काय करायचं तेही सांगतो: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. म्हणजे, जी जी पॅकेजं उघडून ठेवलीत पण मांडायची राहिलीत, ती सगळी मांडून घे. हे करता येतं, कारण कोणतं पॅकेज कोणत्या पायरीवर आहे ते डीपीकेजी सतत वहीत लिहीत असतो: अर्धवट बसलेलं, नुसतं उघडलेलं, अर्धवट मांडलेलं, पूर्ण. त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' द्यायचं. यातही तो यादी दाखवून विचारतो, तेव्हा काय काढायचं म्हणतोय ते बघूनच हो म्हणा. गाडी रुळावर आली का ते 'डीपीकेजी --ऑडिट' वरून कळतं. काही न बोलता परत आला तर सगळं ठीक.

मग नकोसं पॅकेज काढायचं. 'ॲप्ट रिमूव्ह' प्रोग्राम काढतो पण सिस्टममधल्या सेटिंगच्या फाइली ठेवतो. 'ॲप्ट पर्ज' त्याही काढतो. तुमच्या होम फोल्डरला दोघंही हात लावत नाहीत. पॅकेजच्या मागून आलेली इतर पॅकेजं 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' काढतो, आणि इथेही यादी वाचायची. नेमकं काय काय आलं होतं ते आठवत नसेल तर व्हार, लॉग, ॲप्ट या क्रमाने फोल्डर उघडा. तिथल्या 'हिस्टरी डॉट लॉग' मध्ये तारीख, वेळ, दिलेली कमांड आणि आलेली-गेलेली पॅकेजं सगळं लिहिलेलं असतं. ताईने काल रात्री काय टाकलं तेही त्यात सापडतं.

यादी वाचा, यादी वाचा असं मी का घोकतोय? नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडाचे प्रसिद्ध यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन यांनी रोजच्या वापरासाठी लिनक्स घेऊन बघायचं ठरवलं. पॉप ओएस टाकलं आणि स्टीम हे खेळांचं सॉफ्टवेअर घ्यायला गेले. दुकानातून जमेना म्हणून टर्मिनलवर आले. त्या दिवसांत तिथल्या स्टीमच्या पॅकेजमध्ये गडबड होती, आणि ॲप्टच्या हिशोबाने स्टीम बसवायचं तर डेस्कटॉपच काढावा लागणार होता. ॲप्टने तसं यादीत लिहिलं, हे घातक ठरू शकतं असा इशारा दिला, आणि खरंच हवं असेल तर 'येस, डू ॲज आय से!' हे पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. त्यांनी केलं. डेस्कटॉप गेला, काळी स्क्रीन उरली. हे सगळं व्हिडिओत असल्यामुळे लाखोंनी बघितलं. त्यावर बराच वाद झाला. कोणी म्हणे, वाचायला काय झालं होतं? कोणी म्हणे, खेळाचं सॉफ्टवेअर मागितल्यावर डेस्कटॉप काढायची तयारी दाखवणारं यंत्रच वेडं. मला दुसरी बाजू जास्त पटते. पॉप ओएसवाल्यांनी चूक दुरुस्त केली आणि ॲप्टच्या कर्त्यांनीही, असं नुसतं वाक्य लिहून अत्यावश्यक पॅकेजं काढता येणार नाहीत असा बदल केला. ॲप्टच्या ३.० आवृत्तीपासून तर काढली जाणारी पॅकेजं लाल रंगात आणि येणारी हिरव्यात दिसतात. लाल दिसलं की 'एन'.

पण असं तुमच्या घरी झालं, तर पुढच्या दहा मिनिटांत काय करता यावर सगळं अवलंबून असतं. काळी स्क्रीन बघून घरातले धावून येतात. बाबांचे स्कॅन केलेले घराचे कागद, आईच्या शिकवणीचे हिशोब, आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो, सगळं त्यातच असतं. 'गेलं सगळं' असं कोणीतरी म्हणतं, आणि घाबरून पोरगं पेन ड्राइव्ह लावून नव्याने इन्स्टॉल करायला घेतं. तिथे 'डिस्क पुसून टाका' हा पर्याय निवडला की मग मात्र खरंच जातं. तोवर काहीही गेलेलं नसतं. डेस्कटॉप हा नुसता प्रोग्राम आहे, फाइली होम फोल्डरमध्ये जागच्या जागी असतात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही, लिहीत राहा. 'एलएस डॉक्युमेंट्स' दिलंत की फाइलींची नावं दिसतील, इथे डी मोठा. ती घरच्यांना दाखवा, घरातलं वातावरण निवळतं. मग वर सांगितलेल्या दोन कमांड, आणि त्या पुरल्या नाहीत तर हिस्टरी डॉट लॉग बघून गेलेला डेस्कटॉप पुन्हा इन्स्टॉल करायचा. उबुंटूवर त्या पॅकेजचं नाव 'उबुंटू-डेस्कटॉप'. इंटरनेट नसेल तर केबलने, किंवा यूएसबीला लावलेल्या मोबाइलवरून द्या.

इतका व्याप आहे तर ॲप्टला 'होतं तसं कर' असं एक साधं बटण का नाही? कारण त्या स्क्रिप्ट. हजारो पॅकेजं, प्रत्येकाची स्क्रिप्ट वेगळ्या माणसाने लिहिलेली, आणि ती सिस्टममध्ये काहीही करू शकते. प्रत्येकीची तंतोतंत उलटी क्रिया कोण लिहून ठेवणार? ज्यांनी पाया वेगळा घातला त्यांना जमलं. निक्स नावाचा पॅकेज मॅनेजर प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवतो आणि सगळं तयार झाल्यावरच तिच्याकडे बोट दाखवतो. मध्येच तोडलं तर बोट जुन्याकडेच राहतं. उबुंटूतलं स्नॅपही बरंचसं असं वागतं. 'स्नॅप चेंजेस' ने चालू कामाचा क्रमांक बघा, 'सुडो स्नॅप ॲबॉर्ट' पुढे तो क्रमांक लिहा, झालेलं तो उलट क्रमाने मागे घेतो. उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स ॲप्टने मागितला तरी प्रत्यक्षात स्नॅपच येतो, तेव्हा हे लागू शकतं. एरवी स्नॅप मला फारसं आवडत नाही, सुरू व्हायला वेळ लावतं. रद्द करण्याच्या बाबतीत मात्र ते ॲप्टच्या पुढे आहे.

मिंट वापरणाऱ्यांकडे टाइमशिफ्ट आधीपासूनच असतं. मोठं काही टाकण्याआधी त्यात एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा. बिनसलं तर सिस्टम त्या दिवसावर परत नेता येते, अगदी काळ्या पडद्यावरूनही 'सुडो टाइमशिफ्ट --रिस्टोर' देऊन. ते जसं येतं तसं वापरलं तर फक्त सिस्टम जपतं, होम फोल्डर त्यात धरत नाही. म्हणजे सिस्टम मागे नेली तरी काल लिहिलेला निबंध तसाच राहतो, पण फोटो आणि कागदपत्रांची प्रत त्यात नसते. ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यायची. कशी, ते पुढच्या महिन्यात.